पाहुण्याचे अचौर्य

नाशिकच्या व्यापारी कुटुंबांना उत्तर युरोपाच्या सहली आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. सोबत आचारी असतो, कंदमुळांविना स्वयंपाक होतो, डब्यात खाकरे असतात. तरीही नॉर्वे-फिनलंडच्या उत्तर टोकाशी पोहोचलेल्या श्रावकापुढे एक विलक्षण प्रश्न उभा राहतो. जेथे हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही, तेथे नवकारशी कोणत्या क्षणी पाळावी? आणि जेथे उन्हाळ्यात तो मावळतच नाही, तेथे चौविहार कधी घ्यावा? घड्याळाचा आधार घेऊन हा प्रश्न सोडवता येतो. दुसरा एक प्रश्न मात्र घड्याळाने सुटत नाही. तो प्रदेश ज्यांचा आहे, त्या लोकांच्या दारी पाहुणा म्हणून कसे जावे?

ते लोक म्हणजे सामी. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचे कोला द्वीपकल्प अशा चार देशांत त्यांची भूमी विभागलेली आहे. ते तिला साप्मी म्हणतात. सहलीच्या पत्रकांत जे लॅपलँड म्हणून छापले जाते, त्याचाच मोठा भाग साप्मीत येतो. ‘लॅप’ हे नाव मात्र इतरांनी दिलेले आहे आणि ते सामींना अपमानास्पद वाटते. रेनडियरचे कळप राखणे, मासेमारी, शिकार, चामडे व लाकूड यांची कारागिरी ही त्यांची पूर्वापार उपजीविका. स्वीडनमधील योकमोक या गावी त्यांचा हिवाळी बाजार १६०५ पासून भरत आला आहे. कर वसूल करणे सोपे जावे म्हणून राजाने तो बाजार बसवला. व्यापारी घराण्यातील माणसाला ही गोष्ट परकी वाटणार नाही. राजसत्ता, बाजारपेठ आणि रानातला माणूस यांचे नाते जगात बहुतेक ठिकाणी असेच जुळले आहे.

सामी लोक पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. त्यांची अपेक्षा एवढीच की पाहुण्याने पाहुण्यासारखे वागावे. रेनडियर पाळणाऱ्याला ‘तुमच्याकडे जनावरे किती?’ असे विचारू नये, ही तेथील अगदी साधी रीत आहे. अनेक प्रवाशांना त्यात काय वावगे ते कळत नाही. पेढीवर प्रथमच आलेल्या परक्या माणसाने बसल्याबसल्या ‘गल्ल्यात किती आहे?’ असे विचारले तर शेटजींना जे वाटेल, तेच त्या माणसाला वाटते. त्यांचा पारंपरिक पोशाख गाक्ति. तो कोणत्या भागातील आहे, कोणत्या कुळातील आहे, हे त्याच्या किनारीवरून आणि रंगावरून जाणकाराला ओळखता येते. पर्यटकांचे मनोरंजन करण्यासाठी सामी नसलेल्या माणसांना तशा दिसणाऱ्या बनावट पोशाखात उभे केले जाते, ही त्यांची जुनी तक्रार आहे. अशा तक्रारी वाढल्यावर फिनलंडमधील सामी संसदेने २०१८ मध्ये जबाबदार पर्यटनाची तत्त्वे स्वीकारली. त्यांचे सार एका वाक्यात सांगता येते : सामी संस्कृतीतील काय दाखवायचे, किती दाखवायचे आणि कोणी दाखवायचे, हे सामींनी ठरवावे.

हे वाचून दूरच्या लोकांविषयी आदर वाटणे सोपे आहे. नाशिकच्या माणसाची खरी परीक्षा मात्र त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, कळवण आणि बागलाण यांच्या रस्त्यांवर होते. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्यातील सुमारे चौथा हिस्सा लोक अनुसूचित जमातींचे आहेत. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल, ठाकर, कातकरी ही त्यांची काही नावे. पावसाळ्यात धबधबे पाहायला, हिवाळ्यात गडकिल्ले चढायला आणि वर्षभर तीर्थयात्रेसाठी शहरातील कुटुंबे त्यांच्या गावांतून जातात. बहुतेकांना आपण कोणाच्या तरी अंगणातून चाललो आहोत, याची जाणीव नसते.

मांगी-तुंगीची वाट

या समाजाला त्यांतील सर्वांत परिचित वाट मांगी-तुंगीची. नाशिकपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, बागलाण तालुक्यातील हे सिद्धक्षेत्र. प्रभू रामचंद्र, हनुमान, सुग्रीव यांच्यासह नव्याण्णव कोटी मुनी येथून मोक्षाला गेले, अशी श्रद्धा. २०१६ मध्ये येथे भगवान ऋषभदेवांच्या १०८ फूट उंच, अखंड पाषाणातील मूर्तीचा पंचकल्याणक महोत्सव झाला आणि क्षेत्राचे नाव देशभर पोहोचले. पायथ्याचे गाव भिलवाड. त्या नावातच भिल्ल हा शब्द ऐकू येतो. सभोवती भिल्ल आणि कोकणा यांच्या वस्त्या आहेत. वृद्ध आजी-आजोबांना हजारो पायऱ्या चढणे शक्य नसते. त्यांना डोलीत बसवून वर नेणारे खांदे याच परिसरातील गावांतून येतात. कित्येक घराण्यांतील यात्रा त्या खांद्यांवर पूर्ण झाल्या आहेत. डोलीवाल्याचे नाव विचारणारे यात्रेकरू आढळतात. त्याचा देव कोणता, असे विचारणारा मात्र विरळा.

त्याचा देव तो डोंगरच असू शकतो. मार्गशीर्ष महिन्यात बागलाण, कळवण, सुरगाणा आणि पलीकडे साक्री व डांग या पट्ट्यात डोंगऱ्यादेवाचा उत्सव चालतो. चंद्रदर्शनापासून आरंभ होतो आणि पौर्णिमेला सांगता होते. व्रत घेतलेल्या माणसाला माऊली म्हणतात. व्रताचे नियम गावागावांत थोडे निराळे असले तरी त्यांचा गाभा एकच : ब्रह्मचर्य, मद्याचा त्याग, अनवाणी चालणे, मिताहार, शरीराची व वाणीची शुद्धता. दिवसा माऊल्या वस्त्यावस्त्यांतून नाचत-गात फिरतात. सुका भोपळा, बांबू आणि शिंग यांपासून केलेली पावरी वाजू लागली की पायांना आपोआप ठेका सापडतो. पौर्णिमेच्या रात्री सारे गडावर, म्हणजे देवाच्या डोंगरावर जागतात आणि पहाटे परततात.

चातुर्मासातील नियम, आयंबिलाची ओळी, अनवाणी पावलांनी केलेली शिखरजीची वंदना हे ज्यांच्या घरात नित्याचे, त्यांना डोंगऱ्यादेवाची माऊली अनोळखी वाटण्याचे कारण नाही. इंद्रियांना काही दिवस आवरून धरायचे आणि उंचावर जाऊन नतमस्तक व्हायचे, ही रीत दोहोंची. एकाच तालुक्यात, एकाच हिवाळ्यात, दोन समाज डोंगर चढत असतात. एकाला दुसऱ्याच्या व्रताची खबर नसते.

न दिलेले घेणे

तिसऱ्या अणुव्रताचे नाव अचौर्य. घरी पाठशाळेत मुलांना त्याचा अर्थ ‘चोरी करू नये’ असा सांगितला जातो. शास्त्रातील शब्द मात्र याहून सूक्ष्म आहे : अदत्तादान, म्हणजे जे कोणी दिलेले नाही ते घेणे. वस्तू लहान की मोठी, किंमत आहे की नाही, मालक पाहत होता की नव्हता, हे प्रश्न येथे उद्भवत नाहीत. दिले होते काय, एवढेच पाहायचे. या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील तीन तर जणू पर्यटकासाठीच लिहिले असावेत, इतके नेमके आहेत.

पहिला, चोरून आणलेले घेणे, तदाहृतादान. सामींच्या इतिहासात याचे एक ठळक उदाहरण आहे. त्यांचे धार्मिक विधी करणाऱ्या नोआइदींजवळ चित्रांकित चामड्याचा ढोल असे. सतराव्या-अठराव्या शतकांत धर्मप्रसारकांनी आणि अधिकाऱ्यांनी असे कित्येक ढोल हिसकावून घेतले. काही जाळले, काही संग्रहालयांत पाठवले. आंदर्श पौल्सेन नावाच्या वृद्धाचा ढोल १६९१ मध्ये जप्त झाला आणि पुढे तो डेन्मार्कच्या संग्रहात गेला. त्याची मालकी नॉर्वेतील कारसजोकच्या सामी संग्रहालयाकडे परत यायला २०२२ साल उजाडले. तीन शतकांहून अधिक काळ असंख्य सभ्य माणसांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिले असेल. त्यांच्यापैकी कोणी तो चोरला नव्हता. तरीही दिलेली नसलेली वस्तू पाहण्याचे सुख त्यांनी घेतलेच.

सह्याद्रीतील वाघदेवाच्या शिळेपुढे हे उदाहरण आठवावे. आश्विनातील ज्या तिथीला शहरात वसुबारस साजरी होते, त्याच तिथीला पश्चिम पट्ट्यातील आदिवासी गावे वाघबारस पाळतात. लाकडाच्या किंवा दगडाच्या फळीवर वाघ, नाग, मोर, चंद्र, सूर्य कोरलेले असतात आणि गावाच्या सीमेवर त्यांची पूजा होते. गाईगुरे राखणाऱ्याने गुरे खाणाऱ्या वाघालाच देव मानावे, यात जीवमात्राकडे पाहण्याची एक मोठी समज आहे. रानात उघड्यावर उभी असलेली ती फळी कोणाच्याच मालकीची नाही, असे पाहुण्याला वाटण्याचा संभव असतो. ती साऱ्या गावाची आहे. दिवाणखान्यातील शोभेसाठी अशी जुनी फळी कोणी विकायला आणली, तर ती कोठून आली हे विचारणे आणि उत्तर पटले नाही तर न घेणे, हे अणुव्रतधारकाचे कर्तव्य ठरते.

बनावट माल

दुसरा अतिचार प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे खऱ्याच्या नावावर त्याची नक्कल खपवणे. तूप, केशर, सोने यांच्या बाबतीत व्यापाऱ्याला तो लगेच उमगतो. चित्रांच्या बाबतीत मात्र उमगायला वेळ लागतो.

वारल्यांच्या घरी लग्नात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो. तो लिहिण्याचा मान सवाष्णींचा. चौकात पालघाट देवी असते आणि धवलेरीच्या गाण्यांशिवाय लग्न लागत नाही. चौक हा विवाहविधीचाच भाग आहे. शोभा त्यातून आपोआप येते. १९७० च्या दशकात डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी हीच रेषा कागदावर आणि कापडावर आणली. मासेमारीचे जाळे, शेते, तारपा वाजवणाऱ्याभोवती फिरणारा नाच, मुंग्यांची रांग, हे सारे त्यांच्या हातून जगापुढे आले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

आता हीच आकृती पडद्यांवर, कपांवर, साड्यांवर, लग्नपत्रिकांवर सर्वत्र दिसते. ती छापणाऱ्या गिरणीने एकाही वारली कलावंताला पैसा दिलेला नसेल आणि दुकानदाराने मात्र ‘अस्सल वारली’ म्हणून माल विकला असेल, तर सामींच्या बनावट गाक्तिमध्ये आणि त्या साडीमध्ये फरक कोणता? वाचकांपैकी अनेकांची दुकाने कापडाची आहेत. कोणत्या गावातील कलावंताने हे काढले, त्याला काय मिळाले, असे दोन प्रश्न ठोक व्यापाऱ्याला विचारणे त्यांच्या हाती आहे. मालाची पारख करणाऱ्या नजरेला हे अवघड नाही. सवय तेवढी लावून घ्यावी लागेल.

माप

तिसरा अतिचार हीनाधिक मानोन्मान. घेताना एक माप, देताना दुसरे. हा शब्द या समाजाने विशेष धीराने ऐकावा.

घाटमाथ्याच्या तालुक्यांत व्यापारी दुकानांचा इतिहास जुना आहे. मीठ, कापड, गूळ, लोखंडी अवजारे दुकानातून रानात जात आणि नागली, वरई, खुरासणी, मोह, हिरडा रानातून दुकानात येत. अडीअडचणीला धावून जाणारे, पिढ्यान्‌पिढ्या घरोबा राखणारे दुकानदार या व्यवहारात होते. पावसाळ्यात कणगी रिकामी झाल्यावर दिलेल्या पायलीभर धान्यावर सुगीत दुप्पट वसुली करणारेही होते. आदिवासी भागात सावकार हा शब्द उच्चारताना लोकांच्या आवाजात अजूनही दोन्ही स्मृती मिसळलेल्या असतात. १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले, त्याचे मुख्यालय नाशिकला आले. १९७४ च्या कायद्याने आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत देण्याची तरतूद झाली. १९७६ मध्ये त्यांच्या शेतमालाच्या व वनोपजाच्या खरेदीचे नियमन करणारा कायदा झाला. सरकारला खावटी कर्ज आणि एकाधिकार खरेदी सुरू करावी लागली, याचा अर्थ खुल्या बाजारातील माप पुरेसे सरळ नव्हते असाच निघतो.

आजचा पाहुणा त्या जुन्या व्यवहाराला जबाबदार नाही. मात्र तो ज्या अंगणात उभा राहतो, तेथे ती आठवण त्याच्या आधीच येऊन बसलेली असते. मोटारीतून उतरून, रस्त्याच्या कडेला करवंदांची पाटी घेऊन बसलेल्या आजीशी दहा रुपयांसाठी घासाघीस करणारे सुखवस्तू कुटुंब पाहिले की ती आठवण ताजी होते. मापात पाप ही म्हण काट्यापुरती नाही. ज्याला पर्याय नाही त्याच्या श्रमाची किंमत पाडणे, हेही खोटे मापच.

दिवाळीत वहीपूजन करणाऱ्या व्यापाऱ्याने कोकण्यांच्या आणि वारल्यांच्या कणसरीची ओळख अवश्य करून घ्यावी. कणसरी ही धान्याची देवता. तिची कथा रात्र रात्र गायिली जाते आणि साथीला असते काशाची थाळी. थाळीवर मेणाने एक बारीक काडी उभी चिकटवतात आणि दोन बोटांनी ती वरून खाली ओढत राहतात. तिचा घुमणारा, अखंड सूर ऐकणाऱ्याला घरच्या भक्तामरपाठातील लय आठवली तर नवल नाही. नवे धान्य देवाला दाखवल्यावाचून तोंडात घालायचे नाही, ही या लोकांची रीत. बाजारात जिला क्विंटलचा भाव असतो, त्या नागलीला एका घरात देवतेचा मान आहे. हे एकदा ध्यानी आले, की तराजूवर हात ठेवताना तो हात थोडा हलका होतो.

ताटातला पेच

श्रावक पाहुण्यापुढे एक अडचण अशी आहे, जी इतर प्रवाशांना सहसा पडत नाही. यजमानाने प्रेमाने पुढे केलेले ताट त्याला पुष्कळदा स्वीकारता येत नाही. रानातील कडूकंद वाहत्या पाण्यात ठेवून, कडूपणा घालवून, कष्टाने शिजवलेला असतो. तो कंदमूळ म्हणून वर्ज्य. रात्रीच्या उत्सवातील जेवण सूर्यास्तानंतरचे. काही विधींत कोंबडा किंवा बकरा बळी दिला जातो. काही प्रसंगी मोहाची दारू असते. उत्तरेत सामींच्या घरी रेनडियरचे मांस असते, कारण त्या बर्फाळ भूमीत शेती फारशी पिकत नाही.

येथे दोन टोके टाळावी लागतात. पाहुणचाराच्या भिडेखातर व्रत मोडणे, हे एक टोक. यजमानानेही त्याची अपेक्षा केलेली नसते. व्रताचा अर्थ त्याला ठाऊक आहे, कारण त्याच्याही घरात माऊली आहे. ‘आमचा नियम आहे’ एवढे हात जोडून सांगितले, तर त्या घरात त्याचा मानच राखला जातो. दुसरे टोक नाक मुरडण्याचे. बळीच्या प्रसंगी उपस्थित राहू नये. अहिंसेला ते मान्य नाही, आणि तसे शांतपणे सांगण्यात संकोच नसावा. मात्र त्या माणसाला हीन लेखून केलेला कटाक्ष, मुलांसमोर काढलेला ‘जंगली’ हा उद्गार, हीदेखील भावहिंसाच. ती करून घेण्यासाठी एवढ्या दूर जाण्याची गरज नव्हती. अनेकांतवाद दुसऱ्याचे सारे मान्य करायला सांगत नाही. दुसरा कोठे उभा राहून पाहतो, तेथवर जाऊन पाहण्याचे श्रम तो मागतो.

व्यवहारात वाट निघतेच. नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी दिवसाउजेडी मागून घेता येते. आमटीत कांदा-लसूण नको, हे आधी सांगितले तर यजमानीणबाई आनंदाने वेगळी करून देतात. कोरा चहा बहुतेक घरी मिळतो. रात्री गाणे ऐकायचे असेल तर सूर्यास्तापूर्वी जेवून, पाणी घेऊन बसावे. जेवण न घेता रात्रभर ऐकत बसलेला पाहुणा कोणत्याही गावाला जड होत नाही.

छायाचित्र आणि वाटप

अदत्तादानाचे आजचे सर्वांत मोठे साधन खिशात असते. बोहाड्याचे उदाहरण घ्यावे. होळीनंतरच्या उन्हाळ्यात, काही गावांत अक्षय तृतीयेच्या सुमारास, जेव्हा जैन कुटुंबे वर्षीतपाच्या पारण्यात गुंतलेली असतात, तेव्हा पेठ-त्र्यंबक आणि शेजारच्या मोखाडा-जव्हारच्या गावांत बोहाडा रंगतो. गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण अशी सोंगे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे धारण करून, संबळाच्या तालावर, टेंभ्यांच्या उजेडात नाचत येतात. मुखवटा चढवण्याआधी त्याची पूजा होते. अनेक गावांत कोणते सोंग कोणत्या घराने नाचवायचे, हा मान ठरलेला असतो. चेहऱ्यावर मुखवटा आला की तो शेतकरी उरत नाही, देव होतो. त्या देवाच्या नाकासमोर दिवा चमकवून, त्याला थांबवून, शेजारी उभे राहून फोटो काढणाऱ्याने क्षणभर कल्पना करावी : अभिषेकाच्या वेळी मंदिराच्या गाभाऱ्यात कोणी अनोळखी माणसाने असेच केले तर?

सामींच्या योइक गायनाविषयी एक गोष्ट येथे उपयोगी पडते. योइक एखाद्या व्यक्तीचा असतो. तो त्या व्यक्तीविषयी रचलेला असतो असे ते म्हणत नाहीत. तो त्या व्यक्तीचाच असतो, तिच्या नावासारखा. एकेकाळी चर्चने आणि शाळांनी तो पाप म्हणून दडपला होता. ज्याचा योइक त्याला न विचारता तो ध्वनिमुद्रित करून नेणे, हे नाव चोरण्यासारखेच आहे. थाळीवर गाणाऱ्या कथेकऱ्याचे गाणेही असेच गुरूकडून, घराण्याकडून आलेले असते. आधी विचारावे. नाही म्हटले तर यंत्र खिशात ठेवून ऐकावे. होय म्हटले तर त्याचे नाव लिहून घ्यावे, बिदागी द्यावी, आणि छायाचित्राची प्रत गावी पोहोचवावी.

दानाच्या बाबतीत हा विचार अधिक बोचरा होतो. हिवाळ्यात आदिवासी पाड्यांवर ब्लँकेट, वह्या, फराळ यांचे वाटप करण्याची प्रथा समाजात रुजली आहे. हेतू शुद्ध असतो आणि गरजही खरी असते. मात्र वाटपानंतर मुलांना रांगेत उभे करून, फलकामागे धरून काढलेले छायाचित्र समाजाच्या पत्रिकांत छापले जाते. घेणाऱ्याने ब्लँकेट घेतले. त्याच्या मोबदल्यात आपला चेहरा देण्याचे त्याने कबूल केले होते काय? गुप्तदानाची महती ज्या परंपरेने गायिली, तिने हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. दान देताना मनात साठलेला अहंकार हाही परिग्रहच, आणि तो दुसऱ्याच्या चेहऱ्यावर साठवलेला असतो.

जाण्यापूर्वी

एवढ्या विचारानंतर एखादे कुटुंब या वाटेने जाऊ इच्छित असेल, तर तयारी साधी आहे. उत्सव कोणत्या गावात कधी आहे हे परिचिताकडून, सरपंचाकडून किंवा पोलीस पाटलाकडून विचारून घ्यावे आणि बाहेरच्यांनी आलेले चालेल का, हेही विचारावे. लहान गटाने जावे. तेथे ‘जोहार’ किंवा ‘राम राम’ म्हणून आरंभ करावा; वडीलधाऱ्यांना बाबा, आजी, मावशी म्हणावे. भगत सांगतील तेथे बसावे, चपला सांगतील तेथे काढाव्यात. वस्तू विकत घ्यायची तर करणाऱ्याच्या हातून, त्याने सांगितलेल्या किमतीला घ्यावी. मुलांना चॉकलेटे उधळू नयेत. काही द्यायचेच असेल तर शाळेच्या गुरुजींशी बोलून द्यावे. श्रावकाच्या बाराव्या व्रताचे नाव अतिथिसंविभाग. अतिथीला आपल्यातील वाटा द्यावा, असे ते यजमानाला शिकवते. अतिथी होऊन जाणाऱ्याने त्याची दुसरी बाजू शिकावी : दिलेला वाटा तेवढाच घ्यावा आणि तो कमी वाटला तरी समाधान मानावे.

मुलांना सोबत नेल्यास लाभ अधिक. परदेशी सहलीत रेनडियरच्या गाडीत बसल्याचा आनंद ती काही वर्षे सांगतील. पण आजोबांना डोंगरावर नेणाऱ्या माणसाच्या घरी बसून, नागलीची भाकरी खात, त्याच्या देवाची गोष्ट त्याच्याच तोंडून ऐकलेले मूल पुढे दुकानात बसेल, तेव्हा समोर आलेल्या गिऱ्हाईकाकडे निराळ्या नजरेने पाहील. संवत्सरीला सर्व जीवांची क्षमा मागितली जाते. त्या सर्व जीवांत डोलीवाला असतो, करवंदे विकणारी आजी असते, जुन्या खातेवहीत अंगठा उमटवून गेलेला कोणी पूर्वजही असतो. त्यांची क्षमा मागायची तर त्यांची नावे ठाऊक असलेली बरी. यंदाच्या मार्गशीर्षात मांगी-तुंगीला जाणाऱ्या कुटुंबांनी एक दिवस अधिक काढावा, आणि पायऱ्या उतरल्यावर परतीच्या मोटारीत बसण्याआधी एकदा पायथ्याच्या वस्तीत, बोलावणे असेल तर, जाऊन यावे.